हीथ : निकस मातीवरचे रान

‘रॉबिन्सन क्रूसो’चा लेखक डॅनियल डीफो याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सारे ब्रिटन पालथे घातले आणि 1724 पासून ते प्रवासवर्णन खंडाखंडाने छापले. लंडनच्या नैर्ऋत्येला सरे परगण्यात बॅगशॉट हीथ नावाचा वालुकामय माळ आहे. तो ओलांडताना डीफोला अरबस्तानातले वाळवंट आठवले. पुढे शंभर वर्षांनी, 1822 मध्ये, शेतकऱ्यांचा कैवार घेणारा पत्रकार विल्यम कॉबेट त्याच परगण्यातून घोड्यावरून हिंडला. हाइंडहेडच्या माळाबद्दल त्याने जे लिहिले त्याला शिव्याशापच म्हणावे लागेल. दोघेही डोळस लेखक होते. पीकपाणी, मजुरी, जनावरे, मातीचा कस यांची दोघांनाही उत्तम जाण होती. तरी या जमिनीत घेण्यासारखे त्यांना काही सापडले नाही, कारण ते तिथे गव्हाचे शेत शोधत होते.

या पुस्तकाचा विषय तीच जमीन आणि तिच्यावर वाढणाऱ्या वनस्पती हा आहे.

हीथ म्हणजे बुटक्या, सदाहरित झुडपांचा उघडा माळ. झुडपे गुडघ्याएवढी, कुठे त्याहूनही खुजी. अटलांटिक समुद्राची दमट हवा जिथवर पोचते तिथवर, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यापासून फ्रान्स, इंग्लंड, हॉलंड, उत्तर जर्मनी, डेन्मार्क करत नॉर्वेच्या बेटांपर्यंत असे माळ आहेत. ‘वदरिंग हाइट्स’मुळे आपल्याकडच्या वाचकांना यॉर्कशरचा जो वादळी माळ माहीत असतो, तो मात्र मूर. मूर डोंगराळ, उंचावरचा, जाड पीटचा थर असलेला, जास्त ओला. ब्रिटनमध्ये साधारण तीनशे मीटर उंचीच्या खाली असतो तो सखल हीथ. दोन्हीकडे हेदर फुलते, म्हणून गल्लत होते. आपण इथे प्रामुख्याने सखल हीथबद्दल बोलणार आहोत, कारण तो जास्त दुर्मिळ आहे आणि माणसाच्या हाताशी जास्त बांधलेला आहे.

सुरुवात मातीपासून करायला हवी. इथे पाऊस आपल्यासारखा चार महिने कोसळत नाही, वर्षभर थोडा थोडा पडत राहतो. ऊन सौम्य असल्याने उडून जाणारे पाणी कमी, झिरपणारे जास्त. जमीन वाळूची किंवा गोट्यांची. झिरपणारे पाणी कॅल्शियम, पोटॅशियम धुऊन नेते, माती आम्लधर्मी होते. झुडपांच्या कुजणाऱ्या पाल्यातून आणखी आम्ले सुटतात आणि ती वरच्या थरातले लोहही विरघळवून खाली नेतात. अशा माळावर हातभर खड्डा घेतला तर ही सगळी हकीकत थरांत मांडलेली दिसते: वर काळसर पाला, त्याखाली राखेच्या रंगाची धुतलेली वाळू, आणि त्याखाली उतरलेले लोह साचून झालेला तांबूस, कठीण थर. कुदळ त्यावर आपटते तेव्हा खणकन आवाज येतो. मृदाशास्त्रात या मातीला पॉडझॉल म्हणतात. तळाच्या कठीण थरामुळे सखल जागी पाणी अडते, म्हणून एकाच माळावर वीस पावलांत कोरडी वाळूही सापडते आणि घोटाभर चिखलही. वनस्पती त्याप्रमाणे जागा वाटून घेतात.

या माळावर राज्य हेदरचे. शास्त्रीय नाव कॅलुना व्हल्गॅरिस. कॅलुना या प्रजातीत जगभरात ही एकच जाती आहे. तिची डहाळी हातात घेऊन डोळ्यांजवळ धरावी. पाने दोन-तीन मिलिमीटरची, समोरासमोरच्या जोड्यांनी एकमेकांवर इतकी दाटून बसलेली की डहाळीला चार कडा आहेत असा भास होतो. पानाच्या कडा खाली वळलेल्या असतात. त्यामुळे पर्णरंध्रे आतल्या खाचेत झाकली जातात आणि सततच्या वाऱ्यातही पाणी कमी उडते. फूल जेमतेम तीन-चार मिलिमीटरचे. ज्या जांभळट गुलाबी रंगासाठी लोक ऑगस्टमध्ये इथे येतात तो मुख्यतः पाकळ्यांचा नव्हे. बाहेरचा रंगीत भाग निदलपुंजाचा असतो, खऱ्या पाकळ्या त्याच्या आड, त्याहून लहान. हा निदलपुंज सुकला तरी गळत नाही, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात विटकरी झालेल्या माळावरही फुले जागच्या जागी असतात. त्यांच्या आत धुळीएवढे बी पिकत असते. ते मातीत पडून अनेक दशके जिवंत राहते. पाइनची लागवड तोडल्यावर, तिच्या सावलीत पिढीभर दडपलेल्या जमिनीतून हेदरची रोपे आपोआप वर आल्याची उदाहरणे इंग्लंडमध्ये जागोजागी आहेत. हीथ परत आणता येतो या आशेचा मुख्य आधार हे बी आहे.

हेदर या निकस मातीवर जगते कशी? उत्तर मुळांत आहे. तिची शेवटची तंतुमुळे केसाहून बारीक असतात आणि त्यांच्या बाहेरच्या पेशींमध्ये कवकाची वेटोळी भरलेली असतात. हे कवक अर्धवट कुजलेल्या पाल्यातून नायट्रोजन मिळवते आणि झुडपाला देते, बदल्यात झुडूप त्याला साखर पुरवते. बहुतेक झाडांना जो नायट्रोजन हाती लागत नाही तो हेदरला असा मिळतो. मेबल रेनर या ब्रिटिश संशोधक बाईंनी 1915 च्या सुमारास हेदरच्या मुळांवर काम केले. पुढे डॉर्सेटमधल्या वेअरहॅमच्या माळावर पाइनची रोपे का खुरटतात, हेही त्या मातीतल्या कवकांच्या अंगाने शोधत राहिल्या. वनस्पतीचा अभ्यास जमिनीखाली उतरल्याशिवाय पुरा होत नाही हे ज्यांनी फार लवकर ओळखले, त्यांत त्यांचे नाव घ्यायला हवे.

हेदरला वयही असते. अलेक्झांडर वॉट या परिस्थितिकीतज्ज्ञाने 1947 च्या एका गाजलेल्या निबंधात त्याच्या चार अवस्था सांगितल्या. पहिली पाच-सहा वर्षे रोप विरळ, मध्ये मोकळी जमीन. पंधरा वर्षांपर्यंत झुडूप दाट, घुमटाकार, भरपूर फुलणारे. पंचविशीपर्यंत ते खोडाकडे जाडे होते आणि मधून उघडू लागते. तिशीनंतर फांद्या बाहेर लवंडतात, मध्यभागी खड्डा पडतो. त्या खड्ड्यात शेवाळ, दगडफूल येते, आणि कधी वाऱ्याने उडत आलेले बर्चचे बी. सारा माळ एकाच वयाचा असून चालत नाही. वाळूत अंडी घालणाऱ्या सरड्याला उघडी जमीन लागते, कोळ्यांना जुनी, लवंडलेली झुडपे लागतात. ‘सिल्व्हर-स्टडेड ब्लू’ या निळ्या फुलपाखराला कोवळे हेदर आणि काळ्या मुंग्यांची वारुळे अशी दोन्ही जवळजवळ हवी असतात, कारण त्याच्या अळ्या मुंग्यांच्या राखणीत वाढतात.

हेदरच्या जोडीला एरिका प्रजातीतल्या जाती. कोरड्या उतारावर गडद जांभळी बेल हेदर, ओलसर जागी चार-चार पानांची वलये असलेली फिकट गुलाबी क्रॉस-लीव्हड हीथ. डॉर्सेट हीथ नावाची लांबट फुलांची जाती ब्रिटनमध्ये फक्त नैर्ऋत्य कोपऱ्यात आढळते. कॉर्निश हीथ तर कॉर्नवॉलमधल्या लिझर्ड या भूशिरावर, सर्पेन्टाइन नावाच्या मॅग्नेशियमयुक्त खडकाच्या मातीवर माजते. हीथला केवळ आम्लधर्मी वाळूच लागते हा समज लिझर्डला गेले की दुरुस्त होतो.

गॉर्सला वेगळा परिच्छेद दिला पाहिजे. हे काटेरी, शेंगवर्गीय झुडूप. हळदपिवळी फुले वसंतात गच्च येतात, पण तुरळक तर वर्षभर. उन्हे चढली की फुलांना खोबऱ्याचा वास सुटतो. कोकणातला माणूस त्या वासाने जागीच थबकेल. उन्हाळ्याच्या दुपारी वाळलेल्या शेंगा तडतड फुटून बिया लांब फेकतात. गॉर्स चटकन पेटते आणि प्रखर जळते, म्हणून पावाच्या भट्ट्यांसाठी ते कापून नेत. कोवळे शेंडे ठेचून हिवाळ्यात घोड्यांना घालत. टॉमस हार्डीच्या 1878 च्या ‘द रिटर्न ऑफ द नेटिव्ह’ या कादंबरीत पॅरिसहून परतलेला नायक दृष्टी अधू झाल्यावर गॉर्सची कापणी करू लागतो. डॉर्सेटच्या गरिबांचे ते खरेखुरे पोटापाण्याचे काम होते. हिवाळ्यात याच काट्यांचा आसरा डार्टफर्ड वॉर्बलर हा इवलासा पक्षी घेतो. 1962-63 च्या भयंकर हिवाळ्यानंतर इंग्लंडमध्ये त्याच्या जेमतेम दहा-अकरा जोड्या उरल्या होत्या. गॉर्सच्या अंगावर कधी लालसर धाग्यांचे जाळे पसरलेले दिसते. ती अमरवेल, आपल्या कुंपणावरच्या अमरवेलीच्याच प्रजातीतली.

ओल्या हीथवर उकिडवे बसावे लागते, कारण तिथले खरे आश्चर्य जमिनीलगत आहे. दवबिंदू या वनस्पतीचे पान बोटाच्या नखाएवढे, गोल. त्यावर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट, चमकता थेंब. माशी किंवा डास बसला की अडकतो, आजूबाजूचे केस सावकाश त्याच्यावर वाकतात, पानाचीही वाटी होते. पान किडा पचवते आणि मातीत न मिळणारा नायट्रोजन त्याच्यातून घेते. चार्ल्स डार्विनने 1860 च्या उन्हाळ्यात ससेक्समधल्या एका हीथवर दवबिंदूच्या पानांत अडकलेले ढिगाने किडे पाहिले आणि त्याला या वनस्पतीने झपाटले. त्याने पानावर कच्च्या मांसाचे कण ठेवून पाहिले, काचेचे ठेवले, माणसाच्या केसाचे अतिसूक्ष्म तुकडेही ठेवले. पावसाच्या थेंबांनी पान फसत नाही, पण केसाच्या तुकड्यालाही हालचाल करते, असे त्याला आढळले. या प्रयोगांचे ‘इन्सेक्टिव्होरस प्लँट्स’ हे पुस्तक 1875 मध्ये आले. आपल्याकडे कासच्या पठारावर आणि कोकणातल्या सड्यांवर पावसाळ्यात दवबिंदूच्याच दुसऱ्या जाती उगवतात. शेजारी सीतेची आसवे असतात, त्याही कीटकभक्षी. हवामान वेगळे, खडक वेगळा, पण पाणी साचलेल्या निकस जमिनीत नायट्रोजन कुठून आणायचा हा प्रश्न दोन्हीकडे एकच, आणि उत्तरही एकच निघाले.

आता माणसाकडे येऊ. सखल हीथ बहुतांशी माणसाच्या हातून झालेला आहे. समुद्राच्या वाऱ्याने झोडपलेल्या काही कड्यांवर तो आपोआप टिकतो, पण एरवी तिथे ओक, बर्च, पाइनचे रान होते. नवाश्मयुगातल्या आणि कांस्ययुगातल्या शेतकऱ्यांनी ते तोडले, जाळले, गुरे चारली, हलक्या जमिनीचा कस संपला आणि हेदर पसरले. नंतर चार हजार वर्षे माणसाने त्या माळावर झाड वाढू दिले नाही. गुरे-मेंढ्या चरत, जळणासाठी गॉर्स आणि मातीची ढेपे निघत, हेदरचे खराटे बांधत, छपरे शाकारत, ठरावीक काळाने तुकड्यातुकड्याने जाळून नवी पालवी आणत. मधमाश्यांच्या गवती पेट्या ऑगस्टमध्ये माळावर नेऊन ठेवत. हेदरचा मध पोळ्यात खळीसारखा घट्ट असतो आणि ढवळला की पातळ होतो. हे सगळे हक्क गावाचे, सामायिक. दक्षिण इंग्लंडमधले न्यू फॉरेस्ट 1079 मध्ये विजेत्या विल्यमने शिकारीसाठी राखले. तिथे तट्टे आणि गुरे चारण्याचे वहिवाटदारांचे हक्क आजही चालू आहेत, म्हणून तिथला हीथही चालू आहे.

उत्तर जर्मनीतल्या ल्युनेबुर्गच्या हीथवर ही व्यवस्था टोकाला गेली होती. शेतकरी जड कुदळीने हेदरची मुळासकट ढेपे काढत, गोठ्यात अंथरत, शेणामुताने भिजली की रायच्या शेतात टाकत. एका शेतासाठी कित्येक पट माळ सोलला जाई. शतकानुशतके असे चालल्याने शेतांची पातळी अर्धा मीटर, कुठे त्याहून अधिक वर आली. मावळात, कोकणात राब भाजायला रानातला टाहाळ आणि पाला भाताच्या वाफ्यावर येतो, त्यामागचा हिशेब हाच: रानाचा कस शेतात. ल्युनेबुर्गचे जंगल मिठाच्या भट्ट्यांनी खाल्ले आणि हीथ झाला, अशी गोष्ट तिथे अजून सांगतात. मातीतल्या जुन्या परागकणांचा पुरावा मात्र हा माळ मिठागरापेक्षा फार जुना असल्याचे सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्हेल्म बोडे या धर्मोपदेशकाने टोटेनग्रुंट ही दरी विकत घ्यायला लावून वाचवली, 1909 मध्ये निसर्गउद्यानासाठी संस्था स्थापन झाली, आणि हाइडश्नुके जातीच्या शिंगाळ मेंढ्यांचे कळप आजही तिथे मुद्दाम राखले जातात. मेंढपाळाचा पगार हा तिथे संवर्धनाचा खर्च आहे.

जे चार हजार वर्षांत जमले ते दोनशे वर्षांत उधळले. डॉर्सेटमध्ये 1811 च्या सुमारास साधारण 30,000 हेक्टर हीथ होता. 1960 मध्ये तो 10,000 वर आला होता, 1978 मध्ये 6,000 च्या खाली, तोही शेकडो तुकड्यांत विखुरलेला. परिस्थितिकीतज्ज्ञ नॉर्मन मूर यांनी 1962 मध्ये ही घसरण नकाशांवरून मांडली आणि तुकडे लहान व दूर होत गेले की त्यांतले जीव एकेक करून कसे नाहीसे होतात हे दाखवले. कारणे सरळ होती. सामायिक माळ कायद्याने खासगी झाले. रासायनिक खत आणि चुनखडी आल्यावर निकस जमीनही नांगरता येऊ लागली. 1919 मध्ये स्थापन झालेल्या वनखात्याने इमारती लाकडासाठी माळांवर पाइन लावले. डेन्मार्कने 1864 च्या युद्धात दक्षिणेचा मोठा मुलूख गमावला. दोनच वर्षांनी एन्रिको डालगास यांच्या पुढाकाराने हीथ सोसायटी निघाली आणि जटलंडचा अफाट माळ शेती व स्प्रूसखाली आणणे हे देशकार्य ठरले. त्या लोकांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. त्यांनी काय गमावले याचा हिशेब मात्र त्यांच्या वहीत नव्हता.

आता नांगर थांबला आहे, पण धोका हवेतून येतो. पशुपालनाचा अमोनिया आणि वाहनांचा धूर पावसाबरोबर नायट्रोजन होऊन माळावर उतरतो. ज्या जमिनीचे वैशिष्ट्यच कंगालपणा, तिला कोणी न मागता खत घालत आहे. हॉलंडमध्ये विसाव्या शतकाच्या अखेरीस एक तृतीयांशाहून अधिक हीथ गवताळ झाला. वाढीव नायट्रोजनने हेदर लुसलुशीत होते, हेदर-भुंगेरा ते फस्त करतो आणि मोकळ्या जागेत गवत घुसते. उपाय म्हणून डच लोकांना वरचा थर पुन्हा ढेपांनी काढावा लागला, या वेळी यंत्रांनी. शिवाय आगी. हिवाळ्यात लहान पट्ट्यांनी केलेली जाळणी वेगळी आणि उन्हाळ्यातला वणवा वेगळा. 2020 च्या मे महिन्यात वेअरहॅमच्या जंगलात लागलेल्या आगीत दोनशेहून अधिक हेक्टर जळाले, आणि जळालेल्या जागी सहलीला आलेल्यांच्या टाकाऊ बार्बेक्यू-शेगड्या सापडल्या.

हीथ राखायचा तर झाडे तोडावी लागतात. इंग्लंडमध्ये या कामाला दरवेळी विरोध होतो. झाड तोडणे म्हणजे निसर्गाचा नाश, एवढे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले आहे. मी तोडणाऱ्यांच्या बाजूचा आहे. पाच-दहा वर्षे कोणी हात लावला नाही की बर्च आणि पाइन माळभर उगवतात, आणि तिशी उलटायच्या आत दवबिंदू, सरडा, निळे फुलपाखरू यांना लागणारे ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही. बर्चला उगवायला जागा भरपूर आहेत, दवबिंदूला नाहीत.

मराठी वाचकाने हे का वाचावे? आपल्याकडे हीथ नाही आणि सडा म्हणजे हीथ नव्हे. पण सातबाऱ्यावरची ‘पोटखराब’ आणि ‘पडीक’ ही नोंद आपल्याला चांगली ठाऊक आहे. लागवडीखाली नसलेल्या जमिनीला ओसाड म्हणायची इंग्रजी महसुलाची सवय आपल्या दप्तरातही उतरली. देशाच्या वेस्टलँड ॲटलासमध्ये झुडपी आणि खडकाळ जमिनी आजही पडिकांत मोजल्या जातात. सोलापूर-नगरकडच्या ज्या माळांवर माळढोक, तणमोर, लांडगे होते तिथे खड्डे खणून गिरिपुष्प लावणे हे पुण्यकर्म समजले जाते. कासला कुंपण घातल्यावर, चराई थांबल्याने फुलांचे काय होते यावर जो वाद झाला, तो हीथ राखणाऱ्या कोणाही माणसाला ओळखीचा वाटेल. तो वाद घालताना युरोपचा अनुभव आपल्या हाताशी असावा, हा या लेखनामागचा एक हेतू आहे.

पुढच्या प्रकरणांत वनस्पती कोरड्या हीथपासून ओल्या हीथकडे या क्रमाने आल्या आहेत. कुळानुसार क्रम लावला नाही, कारण माळावर त्या तशा भेटत नाहीत. मराठी नाव प्रचारात असेल तिथे तेच वापरले आहे, नसेल तिथे स्थानिक नाव देवनागरीत दिले आहे. नवी नावे घडवायचा मोह टाळला.

इंग्लंडच्या दक्षिणेत बरीच मराठी कुटुंबे स्थायिक आहेत, आणि दरवर्षी मुलांकडे राहायला येणारे आईवडीलही पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी शेवटी दोन शब्द. सरेमधले चोबम कॉमन आणि थर्सली हे माळ लंडनहून दिवसभरात जाऊन येण्यासारखे आहेत. थर्सलीला दलदलीवर लाकडी पायवाट आहे, दवबिंदू तिच्या कडेलाच दिसतात. डॉर्सेटला गेलात तर 2020 मध्ये अनेक तुकडे जोडून केलेले, सुमारे 3,300 हेक्टरांचे पर्बेक हीथ्स राखीव क्षेत्र बघा. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा उत्तम. मार्च ते जुलै पक्षी जमिनीवर घरटी करतात, त्या काळात पायवाट सोडू नका आणि कुत्रा दोरीने बांधून न्या. विस्तव कधीच पेटवू नका. सोबत एक भिंग असू द्या.